पगार येतो तसा जातो. त्यापलीकडचं उत्पन्न कसं उभं करायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. वय ३६. हातात ४८ हजार येतात. घराचं कर्ज २४ लाखांचं, त्याचा हप्ता २०,८०० च्या आसपास. मुलगी तिसरीत. आई-वडील गावी असतात, त्यांचं औषधपाणी माझ्याकडे. २२-२३ तारखेला खात्यातली शिल्लक बघितली की पोटात गोळा येतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पैशाचा व्यवहार शिकायचा तर कुठून? शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं सोडवली, पण स्वतःची पगाराची स्लिप कशी वाचायची हे कुणीच शिकवलं नाही. मोबाईल उघडला की '४९९ रुपयांत वेबिनार, महिन्याला लाखभर कमवा' हेच समोर येतं.

आणि दुसरं म्हणजे पगाराच्या जोडीला काय करता येईल? बायको दिवाळीत ओळखीच्यांना चकली-अनारसे करून देते. मागणी भरपूर आहे, पण त्यात नेमकं सुटतं किती ते दोघांनाही सांगता येत नाही. मित्र म्हणतो ऑप्शन ट्रेडिंग (शेअरच्या भावावर लावलेले मुदतीचे सौदे) कर, मेव्हणा म्हणतो प्लॉट घे. ज्यांनी खरोखर काही उभं केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

हिशेबनीस

चांगला धागा. मी कर सल्लागार आहे, माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांपैकी बहुतेकांना हेच विचारायचं असतं.

स्लिपपासूनच सुरुवात करा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, याच्या १२ टक्के तुमचे पीएफला जातात. कंपनीही तेवढेच भरते, पण कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,२५०. समजा तुमचा मूळ पगार २२,००० आहे. तुमचे २,६४० आणि कंपनीचे १,३९० पीएफ खात्यात, १,२५० पेन्शनला. आज संध्याकाळी पासबुक उघडून हे आकडे जुळतात का बघा. या खात्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालंय. पगारदार माणसाची सगळ्यात मोठी गुंतवणूक हीच असते आणि ती त्याने उघडून बघितलेली नसते.

आता कर्ज. २४ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर तुम्ही एकूण ५० लाखांच्या घरात भरणार. दरवर्षी बोनसमधून एक हप्ता जादा भरलात तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. व्याजदर बदलता असेल तर घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. हे पगारापलीकडचं उत्पन्नच समजा, फक्त ते मिळकतीच्या बाजूला दिसत नाही.

चाकरमानी

हिशेबनीस, उत्तम प्रतिसाद. पण मी थोडं वेगळं म्हणेन. ३६ व्या वर्षी ४८ हजारांवर असलेल्या माणसाने जोडधंद्याआधी पगार वाढवावा. क्वालिटीत आहात ना? अंतर्गत ऑडिटरचा कोर्स करा, सिक्स सिग्मा (उत्पादनातले दोष कमी करायची पद्धत) करा, चाकण-रांजणगावला विचारून बघा. पगारात १२ हजारांची वाढ मिळाली तर ती दर महिन्याला आपोआप येते, रविवारी कढईसमोर उभं राहावं लागत नाही.

गोदाकाठ

चाकरमानी, मुद्दा मान्य. पण आई-वडील निफाड तालुक्यात आहेत, दोघांचंही वय झालंय. नाशिक सोडता येणार नाही.

तेजीवाला

मित्र बरोबर बोलतोय. नीट शिकलात तर ऑप्शन्समधून महिन्याचं उत्पन्न निघतं. आमच्या ग्रुपमधले कितीतरी जण काढतात. भांडवल कमी लागतं, नोकरी सांभाळून करता येतं.

आकडेमोड

तेजीवाला, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचलात का? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी साधारण दोन लाख. धागाकर्त्याचा हातात येणारा पगार चार महिन्यांचा धरला तरी दोन लाख होत नाहीत. त्या माणसाला तुम्ही इथे कसं काय पाठवता?

आणि 'नोकरी सांभाळून' म्हणजे काय? मशीनवर पार्ट तपासताना अधूनमधून मोबाईल बघायचा?

तेजीवाला

आकडेवारी मला माहीत आहे. उरलेले ७ टक्के कुठून आले? ते शिकलेले असतात.

आकडेमोड

त्या ७ टक्क्यांत आपण असू या भरवशावर मुलीच्या फीचे पैसे लावू नयेत. माझं म्हणणं एवढंच आहे.

वसईची_मावशी

दोघांनी एकेक ग्लास कोकम सरबत घ्या बघू आधी. 🙂 गोदाकाठ भाऊ, आमच्या सोसायटीत दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की कोण हसतंय आणि कोण गप्प बसलंय ते लिफ्टमध्येच कळतं. तुम्ही तुमची झोप सांभाळा.

फराळवाली_सुनंदा

मी पुण्यात बरीच वर्षं घरगुती फराळाचा व्यवसाय करते, म्हणून वहिनींच्या चकलीवर लिहिते. 'सुटतं किती ते माहीत नाही' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक नव्या बाईकडून ऐकते. वहिनींना सांगा, या वेळी एक किलो चकली वही शेजारी ठेवून करा.

माझा हिशोब असा. एक किलो तयार चकलीला भाजणी ९० रुपयांची. तेल ११०. यात चकलीने शोषलेलं तेल तर आहेच, पण तळून उरलेलं जे तेल पुन्हा विक्रीच्या मालाला वापरायचं नाही, त्याचाही वाटा धरलाय. तीळ, ओवा, तिखट, लोण्याचं मोहन मिळून ३५. गॅस २५. डबा, आतली पिशवी, लेबल २५. झाले २८५. आता मेहनत. उकड काढणं, मळणं, सोऱ्यातून पाडणं, मंद आचेवर तळणं, गार करून भरणं, सगळं मिळून किलोमागे दोन तास धरा. तासाला १०० रुपये तरी मानता ना स्वतःचे? म्हणजे ४८५. मी ५२० ने विकते.

दुकानदार येतो आणि म्हणतो, '४०० ने द्या, रोज १० किलो घेतो.' ऐकायला फार छान वाटतं. पण ४०० मधून २८५ गेले की दोन तासांचे ११५ उरतात. तासाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्या पैशांत कढईपुढे उभं राहायचं नाही. शांतपणे नाही म्हणायचं. घरोघरचं गिऱ्हाईक थोडं असतं पण भाव देतं, आणि पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतं.

अनारशाचं वेगळं आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून दळून पीठ गुळात मुरवायचं. मुरलेलं पीठ आठवडे टिकतं. म्हणून मी तयार अनारशांपेक्षा अनारशाचं पीठ जास्त विकते. तळताना जाळी फुटली, अनारसा हसला (तेलात विरघळला), ही भीती गिऱ्हाईकाच्या घरी जाते, माझ्याकडे राहत नाही!

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र करून घ्या. छोट्या घरगुती धंद्याला साधी नोंदणी पुरते. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

मनमाडकर

सुनंदाताई, 'अनारसा हसला' कितीतरी वर्षांनी ऐकलं. आजी कढईजवळ कुणाला फिरकू द्यायची नाही. पिठाची ऑर्डर कुठे द्यायची?

फराळवाली_सुनंदा

मनमाडकर, इथे जाहिरात नको. माझ्या विचारपूसमध्ये (निरोपाच्या पानावर) लिहा.

हिशेबनीस

सुनंदाताईंचा प्रतिसाद छापून स्वयंपाकघरात लावावा असा आहे. मेहनतीचे पैसे मालाच्या खर्चात धरणं ही एकच गोष्ट शिकली तरी निम्मे घरगुती धंदे वाचतील. एक भर घालतो. त्या धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, वहिनींच्या नावाने. घरखर्चाचे आणि फराळाचे पैसे एकाच यूपीआयवर आले की जानेवारीत काहीच कळत नाही, किराणा कुठला आणि रवा-बेसन कुठलं.

कोल्हापुरी_ठसका

प्लॉटबद्दल कुणी बोलत नाही? मेव्हणा बरोबर सांगतोय. जमीन कधी कमी होत नाही. एक फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, तेच पगारापलीकडचं उत्पन्न. आमच्या वडिलांनी हेच केलं.

स्मिता_द

ठसका, वडिलांच्या काळचं गणित आज बसतं का ते बघू. ६० लाखांचा फ्लॅट, भाडं १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार. सोसायटीचं देखभाल शुल्क महिन्याला दोन हजार धरलं तर २४ हजार गेले, घरपट्टीचे सहा हजार, दोन भाडेकरूंच्या मध्ये महिनाभर घर रिकामं राहिलं त्याचे १४ हजार. उरले १ लाख २४ हजार. ६० लाखांवर दोन टक्के! आणि तो फ्लॅट कर्ज काढून घेतला तर साडेआठ टक्के व्याज द्यायचं. पुढे भाव वाढेल, ठीक आहे, पण ते विकल्यावर. दरमहाचं उत्पन्न म्हणून हे जमत नाही. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित घर आहे त्यांचं वेगळं, त्यांनी जरूर भाड्याने द्यावं.

कोल्हापुरी_ठसका

स्मिताताई, हिशोब बरोबर आहे. माझ्याकडे घर आधीपासून होतं, त्यामुळे मी खरेदीची किंमत धरतच नव्हतो. पण मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लिहितो. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावी लागते आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातच तसं आहे. नुसता नोटरी केलेला कागद चालत नाही. आता हे घरबसल्या ऑनलाईन होतं. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देणंही चुकवू नका.

हिशेबनीस

आणि भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत. बरेच घरमालक हे घेतच नाहीत.

सातारी_तर्री

माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती संध्याकाळी शिकवण्या घेणार म्हणतेय. शिक्षकांना याहून सोपा जोडधंदा नाही. गोदाकाठ, घरात कुणी शिक्षक असेल तर बघा.

निवृत्त_मास्तर

बहिणीला आत्ताच थांबवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. शिवाय राज्य सरकारी आणि जिल्हा परिषद नोकरांना परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही, ते वेगळंच.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. वर्गात जो विषय अर्धवट समजला तो संध्याकाळी त्याच बाईंकडे पैसे भरून समजून घ्यायचा, हे त्या पोरांवर अन्यायाचं आहे. मी आयुष्यभर शिकवलं, एकही शिकवणी घेतली नाही. गरज होती तेव्हाही नाही.

सातारी_तर्री

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आमच्या तालुक्यात सर्रास घेतात. आणि ती स्वतःच्या वर्गातल्या मुलांना घेणार नव्हती.

निवृत्त_मास्तर

सर्रास घेतात म्हणून कायदा बदलत नाही. कलमात स्वतःचा वर्ग आणि दुसऱ्याचा वर्ग असा भेदही नाही. तिला लिहायची आवड असेल तर स्वाध्यायपुस्तिका, बालसाहित्य असं काही करता येईल का ते रीतसर अर्ज करून विचारावं. परवानगी लेखी घ्यावी.

जर्सीतला_पुणेकर

परदेशातल्यांसाठी थोडं अवांतर. अमेरिकेत नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने अर्ज केलाय तिचंच काम करता येतं. शनिवार-रविवार मराठी मंडळात डबे विकणं, फ्रीलान्स कोडिंग, गाडी चालवणं, यातलं काहीही नाही. घरभाडं, व्याज, लाभांश चालतो. इथे नवीन आलेली मुलं भारतातल्या व्हिडिओंवरून सल्ले घेतात आणि व्हिसाच अडचणीत आणतात. दुसरं, अमेरिकेचे करदाते झालात की भारतातल्या म्युच्युअल फंडांवर इथले कराचे नियम फार जाचक आहेत. घेण्याआधी इथल्या जाणकाराला विचारा.

पतसंस्थेचा_सभासद

उत्पन्न वाढवायच्या नादात असलेलं मुद्दल कुठे ठेवलंय हे कुणी विचारलं नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, आणि तिकडे नाशिकलाही, पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज, संचालक ओळखीचे, घरी येऊन पिग्मी (रोजची छोटी बचत) नेतात. सगळ्याच वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. माझीही एका चांगल्या पतसंस्थेत ठेव आहे.

पण एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दारावर 'सहकारी' लिहिलेलं असतं म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. ती बंद पडली. काका चपला झिजवून थकले, आता मुलगा जातो.

निवृत्तीचे पैसे असतील तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना बघा. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. मासिक प्राप्ती योजनेत एकट्याच्या नावावर ९ लाख, संयुक्त १५ लाख.

वसईची_मावशी

+१. आणि आमच्या वसई-विरारकडे भिशी! माझी पण आहे, बारा बायकांची, सगळ्या ओळखीच्या. ती चालते कारण एकमेकींच्या घरी जाणं-येणं आहे. पण कुणीतरी ऑफिस थाटून, पावती छापून, अनोळखी लोकांकडून 'भिशी' गोळा करायला लागला की समजायचं, ही भिशी नव्हे.

आकडेमोड

मावशी, अशा अनधिकृत ठेवी गोळा करण्यावर २०१९ पासून केंद्राचा बंदीचा कायदा आहे आणि महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तरी कधी इमू येतो, कधी कडकनाथ कोंबडी. पक्षी बदलतो, योजना तीच. पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ, हमखास भाव देऊ. कडकनाथच्या प्रकरणात २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडचे किती शेतकरी अडकले ते आठवा. माल विकत घेणारा एकटाच असेल, आणि पिल्लं विकणाराही तोच असेल, तर तिथे बाजार नाही. कुणी योजना घेऊन आला की एवढंच विचारायचं: 'तुमच्याशिवाय हे आणखी कोण विकत घेतं?'

शंका आली तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल आहे. तिथे तपासता येतं, तक्रारही करता येते.

गोदाकाठ

वाचतोय सगळं. सुनंदाताई, रविवारी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. बायकोने चकली केली आणि मी वजनकाटा घेऊन प्रत्येक जिन्नस मोजला. (क्वालिटीवाल्याच्या घरात दुसरं काय होणार!) आमचा खर्च तुमच्यापेक्षा थोडा कमी आला, कारण भाजणी घरच्या धान्याची. ती ४२० ने विकत होती. मेहनत धरली की त्यात जेमतेम बरोबरी होते. यंदा भाव ५०० करायचं तिनेच ठरवलं.

कोर्सचा प्रश्न मात्र राहिलाच. पैसे भरून शिकावं का?

स्मिता_द

पाया फुकटात शिकता येतो. सेबीची गुंतवणूकदारांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा आहे, एनआयएसएम ही सेबीचीच शिक्षणसंस्था घेते, शुल्क नाही. तिचं वाचनसाहित्यही मोफत आहे. तेवढं वाचलं तरी रोखे, फंड, विमा, फसवणूक यांची ओळख होते.

कोर्स विकणाऱ्याबद्दल एक नियम लक्षात ठेवा. सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की जे फक्त शिक्षण देतात त्यांना मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरता येत नाहीत. म्हणजे कुणी वर्गात आजच्या चार्टवर 'हा घ्या, तो विका' सांगत असेल तर ते शिक्षण राहत नाही, तो सल्ला झाला, आणि त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. चिडला तर उत्तर मिळालं.

हिशेबनीस

स्मिताताईंशी सहमत. गुंतवणुकीचं म्हणाल तर एवढ्या मिळकतीत फार पर्याय लागतच नाहीत. सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासकट बाजूला, मुदत विमा, आई-वडिलांसह आरोग्य विमा. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढलाय, तेवढं ओझं कमी झालं. मग पीपीएफ आणि एखादा निर्देशांक फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणारा). पीपीएफमध्ये पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजतात. ६ तारखेला भरलेत तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

चाकरमानी

फंडांत थेट योजना आणि नियमित योजना यातला फरकही बघा. २०१३ पासून थेट योजना मिळतात, त्यात वितरकाचं कमिशन नसतं.

फंडवाला_मित्र

मी वितरक आहे, एनआयएसएमची परीक्षा देऊन रीतसर झालोय. थेट योजना स्वस्त पडते हे खरं. पण २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा माझ्या किती ग्राहकांना रात्री फोनवर समजावून थांबवलं, तेही लक्षात घ्या. ज्याला स्वतः टिकून राहता येतं त्याने थेट जावं. ज्याला सोबत लागते त्याने सोबतीचे पैसे द्यावेत.

चाकरमानी

हे मान्य. प्रामाणिकपणे मांडलंत.

कोकणकडा

थोडं विषयांतर. वडील गेल्यावर जुन्या ट्रंकेत बँकांची पासबुकं सापडली. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव घालून शोधलं तर रत्नागिरीच्या एका शाखेत विसरलेली ठेव निघाली. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांना त्या बँकेकडून परत मागता येतात. नवीन उत्पन्न शोधण्याआधी घरातली ट्रंक उघडा!

सातपूर_वर्कशॉप

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी सातपूरला छोटं मशिनिंग वर्कशॉप चालवतो. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), बाकी जुनी लेथ. गोदाकाठ, तुमच्या हातात जे आहे ते तुम्हाला दिसत नाहीये.

माझ्याकडे व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज मिळून मोजमापाची साठ-सत्तर उपकरणं आहेत. कुठल्याचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी संपतं याची यादी माझ्याकडे धड नाही. मोठ्या कंपनीचा ऑडिटर आला की आदल्या रात्री आम्ही सगळे फायली शोधत बसतो. मागच्या वेळी एका मायक्रोमीटरचं प्रमाणपत्र संपलेलं निघालं, तर त्याने मोजलेल्या सगळ्या मालावर प्रश्नचिन्ह लागलं. कंट्रोल प्लॅन, तपासणी तक्ते, नाकारलेल्या मालाची कारणं, हे सगळं महिन्यातून दोन शनिवार येऊन कुणी लावून दिलं तर मी आनंदाने पैसे देईन. पूर्णवेळ क्वालिटी इंजिनिअर मला परवडत नाही. माझ्यासारखे या पट्ट्यात ढीगभर आहेत. तुम्ही रोज आठ तास जे करता, त्याचीच आम्हाला गरज आहे.

हिशेबनीस

हे फार मोलाचं आलं. शेअर, प्लॉट, वेबिनार यांत त्यांना शून्यापासून शिकावं लागणार होतं. इथे त्यांचा सगळा अनुभव कामी येतो. भांडवलही लागत नाही.

कराचं सांगतो. तांत्रिक सल्ला हा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत बसणारा व्यवसाय आहे. मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशेबाची जाडजूड पुस्तकं लागत नाहीत. फी बँकेतूनच घ्या. कर वर्षाला १० हजारांच्या वर निघत असेल तर १५ मार्चपर्यंत आगाऊ भरा. विवरणपत्राचा फॉर्म बदलेल, नेहमीचा पगारदारांचा साधा फॉर्म चालणार नाही.

चाकरमानी

थांबा, थांबा. नेमणूकपत्र आधी वाचा! बहुतेक कंपन्यांच्या पत्रात 'पूर्वपरवानगीशिवाय इतर कुठलंही काम करणार नाही' हे कलम असतं. २०२२ ला एका मोठ्या आयटी कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडे काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं होतं.

निवृत्त_मास्तर

आणि सातपूरच्या या सद्गृहस्थांचा माल गोदाकाठ यांच्या कंपनीत जात असेल तर? ज्याचा माल तपासायचा त्याच्याकडूनच शनिवारी फी घ्यायची, हे मुळीच योग्य नाही. शिकवणीसारखंच झालं ते.

सातपूर_वर्कशॉप

मास्तर, रास्त प्रश्न. माझा माल पंप बनवणाऱ्यांना जातो, गाड्यांच्या कंपन्यांना नाही. पण तुम्ही म्हणता तशा वर्कशॉपचं काम त्यांनी घेऊ नये, हे मलाही पटतं.

गोदाकाठ

मंडळी, नेमणूकपत्र काढून वाचलं. परवानगीचं कलम आहे. आज एचआरला भेटलो. लेखी अर्ज द्या, कंपनीच्या कुठल्याही व्हेंडरचं किंवा स्पर्धकाचं काम घेणार नाही असं त्यात लिहा, साहेब विचार करतील, असं म्हणाले. मास्तर, तुमचं वाक्य जवळजवळ तसंच अर्जात घातलंय. परवानगी येईपर्यंत मी काम घेणार नाही.

तोपर्यंत पीएफचं पासबुक जुळवलं. मूळ पगार हिशेबनीसांनी धरला त्यापेक्षा थोडा वेगळा आहे, पण आकडे बरोबर निघाले. बोनस आला की जादा हप्ता भरणार.

सातपूरकर, परवानगी मिळाली तर फी कशी ठरवायची? दिवसाची की कामाची?

सातपूर_वर्कशॉप

पहिल्यांदा सगळी उपकरणं तपासून यादी, लेबलं, तारखा लावायच्या, त्याचे एकरकमी पैसे. नंतर महिन्याच्या दोन भेटींचे ठरावीक. मला दोन्ही चालेल. कॅलिब्रेशन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडूनच होणार, ते बिल माझं.

फराळवाली_सुनंदा

गोदाकाठ, फी ठरवताना अंबडहून सातपूरला जायचं पेट्रोल आणि घरी बसून तक्ते भराल ते तास धरायला विसरू नका. नाहीतर चकलीचंच होईल!

मनमाडकर

सुनंदाताई, विचारपूस बघा. दोन किलो अनारशाचं पीठ, पत्ता लिहिलाय.